टीचर, डॉक्टर, डॉलर: इंग्रजी शब्दांच्या शेवटचा ‘र’ मूळचा कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘टीचर’च्या शेवटी ईआर, ‘डॉक्टर’च्या शेवटी ओआर आणि ‘लायर’च्या, म्हणजे खोटं बोलणाऱ्याच्या, शेवटी एआर. उच्चार तिन्ही ठिकाणी जवळपास एकच. या सगळ्यांचा अर्थ ‘करणारा’ असाच असेल, तर स्पेलिंगं तीन कशाला? आणि आपल्या ‘दाता’, ‘नेता’, ‘कर्ता’ या शब्दांतल्या ‘तृ’ प्रत्ययाशी त्यांचं काही नातं आहे का?

आधी उत्तर देतो, फोड नंतर करू. ईआर आणि ओआर हे जन्माने दोन वेगळे प्रत्यय आहेत. त्यातला ओआर आपल्या ‘तृ’चा सख्खा नातेवाईक आहे, ईआर नाही. एआर हा बहुतेक ठिकाणी वेगळा प्रत्ययच नाही, लिहिणाऱ्यांच्या सवयीने रुळलेलं स्पेलिंग आहे. आणि ईआरचा मूळ अर्थ ‘करणारा’ असा नव्हताच. ही शेवटची गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, तर पुढे विचित्र वाटणारे पुष्कळ शब्द आपोआप सरळ होतात. शब्दकोशाच्या नोंदी तपासताना ‘करणारा’ हा अर्थ डोक्यात धरून बसलेला माणूस हमखास कुठे अडखळतो, तर ‘लंडनर’, ‘हॅटर’, ‘ब्रॉयलर’, ‘स्लीपर’ या शब्दांपाशी. ‘लंडन’ करणारा तो लंडनर, असं कसं म्हणणार?

लॅटिनमध्ये ‘-आरियुस’ नावाचा प्रत्यय होता. तो नामाला लागायचा, क्रियापदाला नाही. ‘आर्गेंटुम’ म्हणजे चांदी, ‘आर्गेंटारियुस’ म्हणजे सराफ. ‘लिबेर’ म्हणजे ग्रंथ, ‘लिब्रारियुस’ म्हणजे ग्रंथांच्या नकला करणारा लेखनिक. चांदीवाला, पोथीवाला. अर्थ एवढाच, की या माणसाचा त्या वस्तूशी संबंध आहे. तो त्या वस्तूचं नेमकं काय करतो, हे ऐकणाऱ्याने व्यवहारावरून समजून घ्यायचं. आपल्या ‘टोपीवाला’त तरी ‘विकणारा’ कुठे लिहिलेलं असतं?

रोमन साम्राज्याच्या सीमेला लागून राहणाऱ्या जर्मॅनिक टोळ्यांचा (इंग्रजी ज्या कुळातली, त्या भाषा बोलणाऱ्यांचा) रोमनांशी व्यापार होता, नाणी आणि जकात यांचा संबंध होता, सैन्यात नोकऱ्या होत्या. त्या ओघात आधी अख्खे लॅटिन शब्द त्यांच्या तोंडी बसले. ‘मोनेटारियुस’, म्हणजे नाणी पाडणारा, हा जुन्या इंग्रजीत ‘मिनेतेरे’ झाला. असे पुरेसे शब्द कानावरून गेले की बोलणाऱ्यांना त्यांचं शेपूट वेगळं ऐकू यायला लागतं आणि मग ते शेपूट घरच्या शब्दांना लावलं जातं. मराठीत फारसीच्या बाबतीत अगदी हेच झालं. ‘फौजदार’, ‘जमीनदार’ आयते आले, मग आपण ‘दार’ सुटा करून ‘पाणीदार’ आणि ‘डौलदार’ तयार केले. ‘भांडखोर’मधला ‘खोर’ही तसाच. लॅटिन ‘-आरियुस’वरून आलेला हा प्रत्यय चौथ्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे एका जुन्या जर्मॅनिक भाषेतल्या, बायबलमध्ये स्थिरावलेला दिसतो. तिथे ‘बोकारीस’ म्हणजे शास्त्री, लेखनिक. त्यामागचा शब्द ‘बोका’, इंग्रजी ‘बुक’चा नातेवाईक. ‘मोता’ म्हणजे जकात आणि ‘मोतारीस’ म्हणजे जकात घेणारा. बहुतेक अभ्यासक जर्मॅनिक प्रत्यय लॅटिनमधूनच आला असं मानतात, आणि हे शब्द पाहिले की ते पटतंही: पहिल्या खेपेतले बरेचसे शब्द कारकुनी, करवसुली आणि बाजार यांच्याभोवतीचे आहेत.

जुन्या इंग्रजीत याचं रूप ‘-एरे’ असं होतं. ‘बोकेरे’ म्हणजे लेखनिक, ‘फुगेलेरे’ म्हणजे पक्षी धरणारा (फुगेल म्हणजे पक्षी, आजचा ‘फाउल’), ‘सेआल्तेरे’ म्हणजे मीठवाला. ‘फिशमाँगर’, ‘वॉरमाँगर’ यांतला ‘माँगर’ याच घरचा. लॅटिनमध्ये ‘मांगो’ म्हणजे व्यापारी. त्याला इंग्रजांनी आपलं ‘-एरे’ जोडलं, म्हणजे आधीच व्यापारी असलेल्याला पुन्हा एकदा ‘वाला’ लावला.

मग ‘संबंध असलेला’चा ‘करणारा’ झाला कधी? हा बदल एका शब्दात अगदी जवळून पाहता येतो. जुन्या इंग्रजीत गायकाला ‘सांगेरे’ म्हणत. ‘सांग’ म्हणजे गाणं, हे नाम, क्रियापद ‘सिंगान’. स्वर नीट पाहा. ‘सांगेरे’त नामातला ‘आ’ आहे, क्रियापदातला ‘इ’ नाही. म्हणजे तो गाणारा नव्हता, ‘गाणंवाला’ होता. काही शतकं गेल्यावर ‘सिंगर’ हा शब्द रूढ झाला, आणि त्यात क्रियापदाचा ‘इ’ आला. प्रत्यय नामावरून उठून क्रियापदाशेजारी जाऊन बसला. बहुतेक शब्दांत नाम आणि क्रियापद इतके सारखे दिसायचे की बोलणाऱ्याला आपण प्रत्यय नेमका कशाला लावतोय हे कळायचं कारणच नव्हतं. त्या संदिग्धतेतूनच नवा अर्थ रुजला. आज ‘ईआर म्हणजे करणारा’ हे शाळेत शिकवतात ते आजच्या वापरापुरतं बरोबर आहे. पण जुना अर्थ मेलेला नाही. ‘व्हिलेजर’, ‘लंडनर’, ‘हॅटर’, ‘पॉटर’ यांत तो जिवंत आहे.

आणि डॉलरमध्येही. हे उदाहरण मला फार आवडतं. आजच्या चेक प्रजासत्ताकात याखिमोव नावाचं गाव आहे. त्याचं जर्मन नाव योआखिम्सथाल. ‘थाल’ म्हणजे दरी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या खाणींतल्या चांदीची नाणी पाडली जाऊ लागली. त्या नाण्याला म्हणत ‘योआखिम्सथालर’, म्हणजे योआखिम्सथालचं. ते तोडून झालं ‘थालर’, तिथून ‘डालर’, आणि इंग्रजीत ‘डॉलर’. शेवटी एआर लिहितात खरा, पण तो मुळात गावाच्या नावाला लागणारा हाच ईआर आहे. ‘हॅम्बर्गर’चीही गोष्ट तीच: हॅम्बर्ग गावाचा. पुढे कोणीतरी तो ‘हॅम’ अधिक ‘बर्गर’ असा फोडला, आणि गावाच्या नावाचा अर्धा तुकडा जगभर खाद्यपदार्थाचं नाव झाला. हॅम्बर्गरचा डुकराच्या मांसाशी, म्हणजे ‘हॅम’शी, काही संबंध नाही हे वेगळं सांगायला नको.

ईआर आला तेव्हा जुन्या इंग्रजीत ‘करणारा’ सांगायची सोय नव्हती असं नाही. दोन देशी प्रत्यय होते. एक नुसता ‘-आ’: शिकाऱ्याला ‘हुंता’ म्हणत, ‘हंटर’ हे नंतरचं रूप. दुसरा ‘-एंद’: तारणाऱ्याला, म्हणजे ख्रिस्ताला, ‘हॅलेंद’ म्हणत. ईआरने दोघांनाही हळूहळू बाहेर काढलं. तरी ‘-एंद’ची दोन पोरं आजही रोजच्या इंग्रजीत फिरतात आणि कोणाला ओळखू येत नाहीत. ‘फ्रेंड’ म्हणजे मुळात प्रेम करणारा, आणि ‘फीन्ड’ म्हणजे द्वेष करणारा. दोन्ही एकाच साच्यातले.

आता ओआर. हा लॅटिन ‘-तोर’. तो आणि संस्कृत ‘तृ’ एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत, आणि इथे नुसतं ‘दिसतं सारखं’ म्हणण्यापलीकडचा पुरावा आहे. लॅटिनमध्ये देणाऱ्याला ‘दातोर’, संस्कृतात ‘दाता’. द्वितीयेत लॅटिन ‘दातोरेम’, संस्कृत ‘दातारम्’. जन्म देणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘गेनितोर’, ‘गेनितोरेम’. संस्कृतात ‘जनिता’, ‘जनितारम्’. प्रत्ययातला स्वर दोन्हीकडे एकाच जागी लांबतो. पाणिनीने ‘ण्वुल्तृचौ’ या सूत्रात कर्ता सांगणारे दोन प्रत्यय एकत्र दिले आहेत. ण्वुल् म्हणजे ‘लेखक’, ‘पाचक’मधला ‘अक’, आणि तृच् म्हणजे हा ‘तृ’. म्हणून ‘डॉक्टर’ (लॅटिन ‘दोकेरे’, शिकवणे, यावरून, डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा), ‘ॲक्टर’, ‘क्रिएटर’, ‘प्रोजेनिटर’ हे शब्द वाचताना ‘कर्ता’, ‘नेता’ आठवले तर त्यात काही चूक नाही. गंमत अशी, की इंग्रजीच्या घरात जुना मुरलेला ईआर आपला कोणी लागत नाही आणि नंतर लॅटिन-फ्रेंचमधून आलेला ओआर आपला चुलतभाऊ निघतो.

इथे एक सावधगिरी. ‘फादर’, ‘मदर’, ‘ब्रदर’ यांच्या शेवटीही ईआर आहे, आणि ते ‘पितृ’, ‘मातृ’, ‘भ्रातृ’ यांचे सख्खे आहेत. म्हणून ‘पालन करणारा तो पिता’, तसा ‘फादर’, असं समीकरण काही जण मांडतात. पण ‘फादर’मधला ईआर हा ‘टीचर’मधला ईआर नव्हे, तो मूळ शब्दाचाच भाग आहे. आणि संस्कृतातसुद्धा नात्यांचे बहुतेक शब्द वेगळे चालतात: ‘दातारम्’ पण ‘पितरम्’, ‘दातारः’ पण ‘पितरः’. ‘स्वसृ’ (बहीण) आणि ‘नप्तृ’ (नातू) मात्र दातृसारखे चालतात, आणि त्यांची नावं पाणिनीला सूत्रात मुद्दाम घ्यावी लागली.

दुसरी दिशाभूल ‘सोनार’, ‘लोहार’, ‘कुंभार’ यांची. यांच्या शेवटचा ‘आर’ ऐकून इंग्रजीशी नातं जोडण्याचा मोह होतो. तो ‘कार’ आहे: सुवर्णकार, लोहकार, कुंभकार. मधला ‘क’ प्राकृतात गळाला. ईआरशी त्याचा संबंध शून्य.

‘रडर’, म्हणजे नावेचं सुकाणू, याच्या शेवटचा ईआरही ‘टीचर’मधला नव्हे. तो आपल्या ‘पात्र’, ‘यंत्र’, ‘नेत्र’ यांतल्या साधनवाचक ‘त्र’चा अवशेष आहे. संस्कृतात वल्ह्याला ‘अरित्र’ म्हणतात; ‘रडर’ आणि ‘अरित्र’ यांचा धातू एक, प्रत्ययही एक. ‘बिगर’, ‘टॉलर’ यांतला तुलनेचा ईआर आणखी निराळा. ‘डिनर’, ‘सपर’ यांत तर फ्रेंच क्रियापदाचं मूळ रूप जसंच्या तसं नाम होऊन बसलंय, ‘जेवणे’ म्हणावं तसं. कायद्याच्या फ्रेंचमधून आलेले ‘वेव्हर’, ‘मर्जर’, ‘डिस्क्लेमर’ही असेच, त्यांत करणारा कोणी नाही, कृती आहे. ‘हॅमर’, ‘फिंगर’, ‘विंटर’ यांत प्रत्यय शोधूच नये.

‘-आरियुस’ इंग्रजीत एकदाच आला असता तर गोष्ट इथे संपली असती. तो पुन्हा पुन्हा आला. जर्मॅनिकमधून आला तो ‘बेकर’चा ईआर. नॉर्मनांनी 1066 साली इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून दुसऱ्यांदा आला तो ‘ऑफिसर’, ‘कार्पेंटर’, ‘ग्रोसर’, ‘बुचर’ यांचा. कार्पेंटर मुळात गाड्या बनवणारा, ग्रोसर घाऊक विकणारा, आणि बुचरमागे फ्रेंच ‘बूक’, म्हणजे बोकड. विद्वानांनी थेट लॅटिनमधून उचलला तो ‘सेक्रेटरी’, ‘नोटरी’, ‘मिशनरी’ यांचा. अर्वाचीन फ्रेंचमधून घेतला तो ‘मिलिओनेअर’चा. ‘व्हिकार’मध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या नावात, तो एआर होऊन राहिला. म्हणजे सरकारी कचेरीतले ऑफिसर, सेक्रेटरी आणि नोटरी हे तिघे व्याकरणाच्या हिशेबाने एकाच प्रत्ययाची लेकरं.

बायकांसाठीचा जोडप्रत्यय मात्र वेगळा होता, आणि त्याची कथा काहीशी उदास आहे. जुन्या इंग्रजीत ‘-एस्त्रे’ लावला की ते काम करणारी स्त्री: ‘बॅकेस्त्रे’ भाजणारी, ‘वेब्बेस्त्रे’ विणणारी. हे शब्द पुढे पुरुषांनाही लागू झाले आणि ‘बॅक्स्टर’, ‘वेब्स्टर’ अशी आडनावं झाली. 1828 साली अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश काढणाऱ्या नोआ वेब्स्टरच्या आडनावात अशी विणकरीण दडलेली आहे. ‘-स्टर’मधली स्त्री विसरली गेल्यावर ‘सीमस्टर’ला, म्हणजे शिवणारीला, वरून आणखी एक स्त्रीप्रत्यय लावून ‘सीमस्ट्रेस’ करावं लागलं. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी. सतराव्या शतकापासून तो शब्द अविवाहित स्त्रीची कायदेशीर ओळख झाला, आणि इंग्लंड-वेल्समधल्या विवाहनोंदणीतून तो 2005 साली गेला. उरलेला ‘-स्टर’ ‘गँगस्टर’, ‘ट्रिकस्टर’ यांत बसला, बहुतेकदा हेटाळणीच्या सुरात.

आता अर्थाकडे परत येऊ, कारण भाषांतर करणाऱ्यांची खरी पंचाईत तिथे होते. ‘कुक’ म्हणजे शिजवणे, तर ‘कुकर’ म्हणजे स्वयंपाकी का नाही? कारण ‘कुक’ हे नाम आधीपासून हजर होतं, लॅटिन ‘कोकुस’वरून आलेलं, क्रियापद त्यावरून बनलं. माणसाची जागा भरलेली असल्यामुळे ‘कुकर’ला वस्तूकडे जावं लागलं. ‘स्टील’, म्हणजे चोरणे, यावरून ‘स्टीलर’ सहसा का ऐकू येत नाही? ‘थीफ’ आहे म्हणून. पण जोडशब्दात ही अडवणूक चालत नाही: दुसऱ्याच्या प्रसंगात भाव खाऊन जाणाऱ्या नटाला ‘सीन-स्टीलर’ म्हणतात, तिथे ‘थीफ’ उपयोगाचा नाही.

माणसाचं नाव यंत्राला जाणं हा तर या प्रत्ययाचा जुना धंदा. ‘कंप्युटर’ हा शब्द सतराव्या शतकापासून हिशेब करणाऱ्या माणसासाठी वापरात होता. विसाव्या शतकातही वेधशाळांत आणि विमानसंशोधनात आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांचं हुद्द्याचं नाव ‘कंप्युटर’च होतं. 1946 साली एनिॲक हे गणकयंत्र जगासमोर आलं त्या सुमाराला ‘इलेक्ट्रॉनिक’ हे विशेषण जोडावं लागे, ते यंत्र आणि माणूस वेगळे करायला. पुढे माणूसच त्या शब्दातून बाहेर पडला. ‘टाइपरायटर’ काही काळ यंत्रालाही म्हणत आणि ते चालवणाऱ्यालाही; गोंधळ होऊ लागला तसा माणसासाठी ‘टायपिस्ट’ रुळला. ‘प्रिंटर’चंही तसंच झालं, फक्त तिथे छापखानेवाला अजून थोडा तग धरून आहे.

आणि कधी कधी हा प्रत्यय कर्त्याला सोडून भलतीकडेच बोट दाखवतो. ‘ब्रॉयलर’ कोंबडी कोणाला भाजत नाही, तिलाच भाजायचं असतं. ‘रीडर’ वाचकही असतो आणि वाचायचं पुस्तकही. ‘स्लीपर’ डब्यात झोपतो प्रवासी, डबा नव्हे. रुळांखालचा ‘स्लीपर’ मात्र खरोखर आडवा पडून असतो. ‘करणारा’ हा एकच अर्थ घेऊन बसलं तर हे सगळे अपवाद ठरतात. ‘त्या क्रियेशी संबंध असलेलं काहीतरी’ असं म्हटलं, की ते नियमात बसतात. म्हणून कोशात ईआरची नोंद करताना ‘करणारा, करणारी, करणारं’ एवढ्यावर थांबू नये असं माझं मत आहे.

स्पेलिंगचं काय? उच्चारावरून काहीच कळत नाही आणि देवनागरीत तर सगळेच ‘र’ होतात. क्रियापद ‘एट’ने संपत असेल तर बहुधा ओआर: क्रिएटर, ऑपरेटर, ट्रान्स्लेटर. ‘डिबेटर’ अपवाद, कारण त्यातला ‘एट’ लॅटिन प्रत्यय नव्हे. सीटी या अक्षरांनी संपत असेल तर जवळपास नेहमीच ओआर: ॲक्टर, डायरेक्टर, इन्स्पेक्टर. बाकी नवा शब्द दिसला तर डोळे मिटून ईआर, कारण आज रोज नवे शब्द घडवतो तो हाच: ब्लॉगर, स्कॅनर, राउटर, स्ट्रीमर. ओआरला आज शास्त्राचा आणि कायद्याचा वास येतो. 1948 साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेत जॉन पियर्स या अभियंत्याने ‘ट्रान्झिस्टर’ हे नाव सुचवलं ते ‘रेझिस्टर’, ‘व्हॅरिस्टर’ अशा भावंडांच्या ओळीत शोभावं म्हणून. ‘सेलर’, म्हणजे खलाशी, पूर्वी ईआरनेही लिहीत. आता ओआर माणसासाठी आणि ईआर जहाजासाठी, तेही क्वचित. ‘ॲडव्हायझर’ दोन्ही प्रकारे चालतं, त्यावरून भांडू नये. एआरचे ‘बेगर’, ‘लायर’, ‘बर्गलर’, ‘पेडलर’ एवढे पाठच करावेत. यातल्या ‘बर्गलर’ आणि ‘पेडलर’ यांच्यापासून क्रियापदं उलटी काढली गेली. ‘बर्गल’ हे एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे घर फोडणारा आधी आणि घर फोडणं नंतर. ‘एडिट’ही असंच ‘एडिटर’वरून आलेलं.

राहता राहिला जोडक्रियापदांचा घोळ. ‘पास बाय’ करणारा ‘पासर-बाय’, अनेकवचन ‘पासर्स-बाय’. प्रत्यय आणि अनेकवचन दोन्ही पहिल्या शब्दाला. पण डागडुजीला आलेल्या घराला म्हणतात ‘फिक्सर-अपर’. तिथे बोलणाऱ्याने ईआर दोन्हीकडे लावून टाकला, कुठे लावावा याचा निकाल न करताच. अनेकवचन मात्र शेवटी, ‘फिक्सर-अपर्स’. आणि याही शब्दात दुरुस्त करणारा कोणी नाही, दुरुस्त करायचं घर आहे.